९७.७५ वरून ७७ : १९७४ सालची आयकर कपात बरोबर होती का?

कराडकर

नमस्कार मंडळी.

सध्या यशवंतराव चव्हाणांची अर्थमंत्री म्हणून केलेली अंदाजपत्रकाची भाषणं एकामागून एक वाचतोय. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ हा काळ ते अर्थखात्यात होते. आपल्याकडे त्यांचा विषय निघाला की मुख्यमंत्रिपद, संरक्षणखातं, फार तर गृहखातं निघतं. अर्थखात्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तर तोच काळ सगळ्यात खडतर वाटतो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मे १९७१ च्या अंदाजपत्रकात त्यांनी मोठ्या उत्पन्नांवरचा अधिभार, म्हणजे करावरचा कर, १० वरून १५ टक्के केला. वरचा मूळ दर ८५ होताच, तो आदल्या वर्षी इंदिराबाईंनी स्वतः अर्थखातं सांभाळताना लावलेला. ८५ आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५. दोन लाखांच्या वर कमावलेल्या दर शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हातात. आणि २८ फेब्रुवारी १९७४ ला त्याच माणसाने त्याच लोकसभेत उभं राहून हा दर ७७ वर आणला. ७० मूळ, वर १० टक्के अधिभार. शंभरातले तेवीस रुपये हातात.

आता ते साल आठवा. १९७२ चा दुष्काळ नुकताच सोसून झालेला. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीनेक महिन्यांत तेल जवळपास चौपट. घाऊक महागाई वीस टक्क्यांवर. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तो याच वर्षी. अशा वेळी सगळ्यात वरच्या थराचा कर एवढा खाली आणायचा? तोही 'गरिबी हटाव' म्हणून निवडून आलेल्या सरकारने?

माझं मत: निर्णय बरोबर होता. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने डिसेंबर १९७१ च्या अहवालात सांगितलं होतं की इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं मोठं कारण आहे, ते ७५ च्या आसपास आणा. सरकारला ते पटायला दोन वर्षं लागली, पण पटलं. वसूलच होत नाही असा दर कागदावर ठेवून गरिबाला काय मिळणार?

तुम्हाला काय वाटतं? त्या काळात नोकरी-धंदा केलेल्यांनी जरूर लिहा. आजच्या पक्षांची उणीदुणी नकोत, ही विनंती.

खतावणी

चांगला विषय. मी तेव्हा मुंबईत काळबादेवीला एका सीएकडे आर्टिकलशिप करत होतो, त्यामुळे हे आकडे अंगावर घेतलेत.

नुसता आयकर बघू नका. जोडीला संपत्ती कर होता, आणि १९७१ पासून पंधरा लाखांच्या वरच्या संपत्तीला तो ८ टक्के झाला. आता हिशेब करा. वरच्या थरातल्या माणसाने एक लाख गुंतवले, दहा टक्के परतावा मिळाला, दहा हजार. आयकर भरल्यावर उरले सव्वादोनशे. त्याच एक लाखावर संपत्ती कर आठ हजार. म्हणजे पैसे गुंतवून वर्षाला पावणेआठ हजार खिशातून. असा कायदा सरळपणे पाळणारा माणूस भिकेला लागणार, हे शाळकरी पोरालाही कळेल.

मग लोक काय करायचे? घर विकताना अर्धी रक्कम रोखीत. भाड्याला पगडी. दुकानात कच्चं बिल वेगळं, पक्कं वेगळं. एका बापाचं उत्पन्न हिंदू अविभक्त कुटुंब, बायको, मुलं, ट्रस्ट असं वाटून दाखवायचं, म्हणजे कुणीच वरच्या टप्प्यात जात नाही. कंपन्यांतले बडे साहेब पगारवाढ मागतच नसत. फ्लॅट द्या, गाडी द्या, ड्रायव्हर द्या, क्लबाची वर्गणी भरा. आमच्या ऑफिसात निम्मा वेळ या वाटण्या कागदावर नीट बसवण्यात जायचा.

अकरा टप्पे होते करपात्र उत्पन्नाचे. अकरा! पाच हजारांवर १० टक्क्यांनी सुरू आणि दोन लाखांवर ८५. पाटीवर एकेक टप्पा मांडून बेरीज करायची, मग अधिभार. कॅल्क्युलेटर नव्हता.

कराडकरांशी सहमत. कपात बरोबर होती, तीन वर्षं उशिरा झाली.

पाटपाणी

मी असहमत. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या काळबादेवीत साहेब लोक फ्लॅट का गाडी याचा विचार करत होते तेव्हा आमचा बाप माण तालुक्यात खडी फोडत होता. १९७२ ला. आई पण. मला तिच्या शेजारी दगडांच्या सावलीला बसवायचे. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळायचा, त्याची भाकरी थापायला गेलं की चिरफाळायची. कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं घरी न नेता तिथंच संपवायचो.

तो माणूस आयकर भरत नव्हता, पण कर भरत होता. काडेपेटीवर, घासलेटवर, साखरेवर, कापडावर, विडीकाडीवर. केंद्राच्या तिजोरीत तेव्हा बहुतेक पैसा अबकारी आणि सीमाशुल्कातून यायचा, आयकर हा लहान वाटा. आणि सगळ्यात मोठा कर म्हणजे महागाई, तो तर कुठल्याच सभागृहात मंजुरीला येत नाही.

१९७३-७४ चं अंदाजपत्रक ५५० कोटींच्या तुटीचं होतं, त्याला काळं अंदाजपत्रक म्हणतात ते यामुळेच. एवढी तूट असताना वरच्यांना सूट देणं मला पटत नाही. वसूल होत नाही म्हणून दर कमी करायचा असेल तर वसुली का सुधारली नाही, हा प्रश्न आधी विचारा.

सांजवारा

पाटपाणी, +१००. "महागाई हा कर कुठल्याच सभागृहात मंजुरीला येत नाही" हे वाक्य लिहून ठेवलंय.

मीना_गिरगाव

मी १९६९ ला एका विमा कार्यालयात क्लार्क म्हणून लागले, त्यामुळे हे सगळं आठवतं.

१९७४ च्या त्या अंदाजपत्रकात आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या आम्हा पगारदारांच्या दृष्टीने ७७ टक्क्यांपेक्षा मोठ्या होत्या. एक, करमाफ उत्पन्नाची मर्यादा पाच हजारांची सहा हजार झाली. दुसरी, पगारदारांसाठी प्रमाणित वजावट आली, ज्याला आजची मुलं स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात. ती १९७४ चीच. साडेतीन हजारांपर्यंत मिळायची. त्याआधी कामावर जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तकांचा खर्च असं वेगवेगळं दाखवावं लागे.

वर्षाला सहा हजार कमावणाऱ्याला आधी एकशे दहा रुपये कर बसायचा: वरच्या हजारावर शंभर, आणि अधिभाराचे दहा. तो शून्य झाला. आमच्या सेक्शनमध्ये पेढे वाटले होते, खरंच.

पण पेढ्यांची चव जाईपर्यंत जुलै आला. वटहुकूम निघाला, पगारवाढ झाली तर ती सगळी सक्तीने जमा, आणि वाढीव महागाई भत्ता मिळाला तर त्यातला अर्धा जमा. पंधरा हजारांवर उत्पन्न असलेल्या करदात्यांची वेगळी सक्तीची ठेव. सरकारचं म्हणणं, लोकांच्या हातातला पैसा कमी झाला की भाव उतरतील. पुढे व्याजासकट परत मिळालं, हप्त्याहप्त्याने. पण डालड्याचा डबा आणि रॉकेल हप्त्याने मिळत नव्हतं ना. भत्ता महागाईसाठीच असतो, तोच अडकवला.

लोकसभेत आधी चर्चा होऊन आलेली सवलत एकशे दहा रुपयांची, आणि वटहुकमाने रातोरात गेलेला भत्ता त्याहून कितीतरी जास्त. चर्चा कशावर होते आणि घरावर परिणाम कशाचा होतो, यातलं अंतर तेव्हा कळलं.

मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांचे महागाईविरोधी लाटणं मोर्चे त्याच सुमाराचे. मीही गेले होते. लाटणं सासूबाईंचं नेलं होतं, चांगलं शिसवी. त्यांनी परत आल्यावर आधी लाटणं तपासलं, मग मला विचारलं कुठे लागलं का!

अर्धाचहा

मीनाताई, लाटण्याचा किस्सा भारी. तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

वसुली_नाना

मी आयकर खात्यात इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि बऱ्याच वरच्या पायरीवर निवृत्त झालो. पाटपाणी यांनी विचारलंय की वसुली का सुधारली नाही. विचारायलाच हवा असा प्रश्न आहे, म्हणून उत्तर देतो.

९७.७५ हा दर लागू होईल असं विवरणपत्र हातात येणं हीच दुर्मीळ गोष्ट होती. जिथे यायचं तिथे अपिलं. कारण उघड आहे: शंभर रुपये वाचवले तर पावणेअठ्ठ्याण्णव आपले, मग त्यातले दहा-वीस वकिलावर घालवायला कुणाची ना? दर जितका चढा, तितकी लपवण्याची किंमत परवडते. आमच्या बाजूला माणसं कमी, पगार बेताचे, आणि समोरच्याला प्रत्येक शंभरामागे एवढा फायदा. त्यात खात्यातली काही माणसं घसरली, हेही लिहिलं पाहिजे. मी नाकारणार नाही.

मात्र खतावणींच्या एका सुराशी मी सहमत नाही. दर उतरला म्हणून चोरी थांबली असं झालं नाही. ७७ झाला तेव्हाही पगडी चालूच होती. १९७६ ला अर्थमंत्री सुब्रमण्यम यांनी ६६ केला, संपत्ती कर ८ वरून अडीचवर आणला, तरी चालूच. पुढे १९८५ ला ५०, १९९२ ला ४०, १९९७ ला ३०. प्रत्येक वेळी थोडा फरक पडला. पण खरा फरक पडला तो उगमस्थानी कपात (टीडीएस) वाढली, पॅन आला, बँकेची माहिती आपोआप खात्याकडे यायला लागली तेव्हा. दर ही निम्मी गोष्ट. माहिती ही दुसरी निम्मी.

१९७५-७६ ला वसुली वाढली ती कपातीमुळेच, असं सांगणारे भेटतात. त्या वर्षी आणीबाणी होती, धाडी होत्या, काळा पैसा जाहीर करण्याची योजना होती, आणि महागाईने लोक आपोआप वरच्या टप्प्यात सरकले होते. यातलं श्रेय कशाला किती, हे वेगळं काढता येत नाही.

टेम्सकाठी

नाना, फार मोलाचं लिहिलंत.

इथला, म्हणजे ब्रिटनचा, एक संदर्भ देतो. २८ फेब्रुवारी १९७४ ला दिल्लीत ९७.७५ चा ७७ झाला. चार आठवडे व्हायच्या आतच, २६ मार्चला, लंडनमध्ये अर्थमंत्री डेनिस हीली यांनी नव्या मजूर सरकारचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि वरचा दर ७५ वरून ८३ केला. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर वर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९८. तेच तेलसंकट, तीच महागाई, खाणकामगारांचा संप नुकताच संपलेला. एक देश खाली आला, दुसरा वर गेला.

इथे काय झालं? १९७६ ला नाणेनिधीकडे कर्ज मागायची वेळ आली. ती ९८ टक्क्यांमुळे आली असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण त्या दराने तिजोरी भरली नाही, हेही तितकंच खरं. १९७९ ला ८३ चा ६० झाला आणि १९८८ ला ४०.

महिन्याभरात दोन्ही सभागृहांत 'संकटात श्रीमंतांनी किती सोसावं' हाच वाद झाला आणि उत्तरं उलटी निघाली. म्हणून मला वाटतं की कुठल्याही अर्थशास्त्राने हे ठरत नव्हतं. निवडणुकीत काय आश्वासन दिलं होतं, त्यावर ठरत होतं.

बांधावरून

एवढे टक्के मोजताय, मग बागायतदारांचं काय? द्राक्ष, ऊस, हळद. लाखोंचं उत्पन्न, आयकर शून्य. पगारदारानेच का मरायचं?

पाटपाणी

झालं सुरू. अहो बांधावरून, नाव तरी बदला मग. गारपीट झाली की तुमच्या पगारातून किती कापतात?

खतावणी

दोघेही थांबा, कारण याचंही मूळ याच काळात आहे.

घटनेप्रमाणे शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा. केंद्राला तो लावताच येत नाही. १९७२ ला अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांची समिती नेमली, तिने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला: मोठ्या जमीनधारणेवर कर लावा. राज्यांनी तो उचलला नाही. विधानसभांत कोण बसतं ते बघितलं की कारण कळतं.

पण चव्हाणांनी १९७३ ला एक वाट काढली. शेतीचं उत्पन्न करमुक्तच, मात्र बिगरशेती उत्पन्न असेल तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून बघायचं. म्हणजे कर बिगरशेतीवरच, पण वरच्या टप्प्याचा. ती पद्धत आजही तुमच्या विवरणपत्रात आहे. शहरात धंदा करून तो पैसा शेतीचा म्हणून दाखवायचा, यावरचा तो उपाय. खऱ्या शेतकऱ्याला त्याचा काही त्रास नाही.

आणि हा माणूस स्वतः देवराष्ट्र्याचा. ग्रामीण भागावर पाय असलेला पुढारी हे करतो, याला धाडस लागतं.

संपादक_मंडळ

बांधावरून आणि पाटपाणी, शेती विरुद्ध पगारदार यावर आधीच तीन धागे आहेत. धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, होऊ देऊ नका. मूळ विषयावर या.

जुनी_पानं

मूळ विषयावरच येतो, पण बहात्तर वर्षं मागे जाऊन.

संकटाच्या काळात सभागृहात कर कसा मांडावा याचा आपल्याकडचा उत्तम नमुना म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांचं २६ मार्च १९०२ चं भाषण. कलकत्त्याची व्हाइसरॉयची कायदे परिषद, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ. सरकारने सात कोटींची शिल्लक दाखवली होती आणि सदस्य अभिनंदन करत होते. गोखल्यांनी उभं राहून सांगितलं की या अभिनंदनात मी मनापासून सामील होऊ शकत नाही. देशात दुष्काळावर दुष्काळ, वर प्लेग, आणि तिजोरीत शिल्लक वाढतेय, याचा अर्थ लोकांच्या स्थितीचा आणि तिजोरीच्या स्थितीचा मेळच उरलेला नाही.

मग त्यांनी दाखवलं की रुपयाची किंमत घसरत होती म्हणून जे कर वाढवले, ते रुपया तेरा पेन्सांवरून सोळा पेन्सांवर सावरल्यावरही तसेच ठेवलेत. मिठावरचा कर १८८८ ला मणामागे दोनचा अडीच रुपये केलेला, तोही तसाच. मागण्या नेमक्या होत्या: मिठाचा कर उतरवा, देशी कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी काढा, आणि आयकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांवर न्या.

दर कमी करा असं ते म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. तेव्हा दर होता रुपयाला चार-पाच पै, दोन-अडीच टक्के. ते म्हणाले, मर्यादा वाढवा. पाचशे ते हजार कमावणारा कारकून आणि छोटा दुकानदार यांच्यावर वसुलीचा सगळ्यात जास्त जाच होता.

त्या परिषदेत सरकारी सदस्यांचं बहुमत, आणि अंदाजपत्रकावर मतदानच नव्हतं. बोलायचं आणि बसायचं. तरी पुढच्याच वर्षी, १९०३ ला, माफीची मर्यादा हजार झाली आणि मीठ अडीचवरून दोन रुपयांवर आलं. १९०७ पर्यंत एक रुपयावर. एकट्या त्या भाषणाने झालं असं नाही, पण आकडे एवढे पक्के होते की उत्तर देणं अवघड गेलं. ते आकडे जुळवायला सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी होते, हेडमास्तर. त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून इथे घेतो.

सांजवारा

जोशींबद्दल प्रथमच वाचलं. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

अर्धाचहा

आणि आपल्याकडच्या आयकराची सुरुवातच संकटातून आहे. १८५७ च्या उठावाने सरकारचा खजिना रिकामा झाला म्हणून जेम्स विल्सनला विलायतेहून आणलं, त्याने फेब्रुवारी १८६० ला आयकर मांडला. वर्षाला दोनशे रुपयांच्या वर २ टक्के, पाचशेच्या वर ४. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन याने जाहीर विरोध केला तर त्याला परत बोलावलं. विल्सन स्वतः त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. कर मात्र राहिला. मधे मधे बंद पडला, पण परत आला.

विधानभवन_वारी

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक कायद्याची, एक आपल्या राज्याची.

पहिली. आपल्या घटनेच्या ११७ व्या कलमाप्रमाणे कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती कुठलाही खासदार मांडू शकतो, राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही. नवा कर सुचवायचा तर ती लागते, म्हणजे व्यवहारात सरकारच तो आणू शकतं. राज्यसभा तर वित्त विधेयकावर चौदा दिवसांत सूचना करून परत पाठवते, बस. म्हणजे पाटपाणींसारखा विचार करणारा खासदार तेव्हा लोकसभेत असता, तरी ७७ चा परत ९७.७५ करा अशी दुरुस्ती त्याला आपणहून आणता आली नसती. भाषण करता आलं असतं, विरोधात मत देता आलं असतं. चर्चेचा कल खाली येण्याकडेच झुकतो, ही रचनाच आहे.

दुसरी. त्याच दुष्काळानंतर आपल्या विधिमंडळाने उलट दिशेचा निर्णय घेतला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, रोजगार हमीची कल्पना त्यांची. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून? १९७५ ला व्यवसाय कर आणला, नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी या सगळ्यांवर. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची आणि ते रोजगार हमीच्या निधीत टाकायचं. १९७७ ला कायदा झाला. शहरातल्या पगारातून कापून गावातल्या माणसाला काम. आणि हे मंत्रालयाच्या शेजारी बसलेल्या, शहरी मतांची काळजी असलेल्या आमदारांनी केलं.

घटनेने तेव्हा या कराला वर्षाला अडीचशेची कमाल घातली होती, १९८८ ला ती अडीच हजार झाली. अजून तीच आहे.

नवा_पगारी

थांबा, म्हणजे माझ्या स्लिपवर दर महिन्याला पीटी म्हणून २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, ते हेच?? अकरा गुणिले दोनशे, अधिक तीनशे, अडीच हजार. मला वाटायचं फेब्रुवारीत एचआरचा घोटाळा होतो. दोनदा मेल केलाय मी त्यांना.

विधानभवन_वारी

हेच ते. एचआरला आता तिसरा मेल आभाराचा करा!

पाटपाणी

वारीदादा, हे माहीत होतं पण अशा जोडीने कधी बघितलं नव्हतं.

आमच्या गावात रोजगार हमीवर नाला बांध झाले, पाझर तलाव झाला. त्या तलावाखालच्या विहिरींना अजून मार्चपर्यंत पाणी असतं. बाप सांगायचा की पहिल्यांदा मजुरी हातात पडली तेव्हा मुकादमापुढे हात जोडायला लागले नाहीत, कारण काम मागायचा हक्क होता. आता मी शहरात नोकरीला आहे, माझे २०० कापले जातात. मला त्याबद्दल काडीची तक्रार नाही.

माझा मुद्दा हाच होता. कर किती टक्के, हे ऐकून माणूस चिडतो किंवा खूश होतो. पैसा कुठे जातो हे दिसलं तर वेगळं वाटतं. दिल्लीतल्या ७७ च्या वादात ते दिसत नाही.

बांधावरून

पाटपाणी, हे आवडलं. माझा सूर वर जरा चढला होता, राग नसावा. प्रश्न मात्र कायम आहे, पुढच्या धाग्यात भेटू.

टेम्सकाठी

जुनी_पानं यांनी गोखल्यांचा 'दर नाही, मर्यादा' हा मुद्दा काढला म्हणून आठवलं.

१९७७ ला इथल्या वित्त विधेयकाच्या समितीत जेफ रूकर आणि ऑड्री वाइझ या दोन मागच्या बाकांवरच्या मजूर खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध दुरुस्ती आणली: करमाफ उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढलीच पाहिजे. विरोधी हुजूर पक्षाच्या नायजेल लॉसन यांनी साथ दिली आणि ती मंजूर झाली. सरकारला वाढ टाळायची असेल तर संसदेपुढे येऊन उघडपणे तसं मंजूर करून घ्यावं लागतं. गुपचूप काही होत नाही.

९८ टक्क्यांवर वर्षानुवर्षं भाषणं झाली. सामान्य माणसाच्या उपयोगाची गोष्ट केली ती या दोघांनी. अर्थात सरकारं तेही ओलांडतात: आमची १२,५७० पौंडांची मर्यादा २०२१ पासून गोठवून ठेवली आहे.

कराडकर

इतके कसदार प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार.

कपात बरोबर होती हे माझं मत कायम आहे. नानांनी दिलेलं कारण मला सगळ्यात पटलं: चढा दर लपवण्याला बळ देतो. पण मीनाताईंनी वर उल्लेख केलेली पाच हजारांची सहा हजार ही गोष्ट मी भाषणात वाचली आणि पुढे गेलो होतो. परत जाऊन बघितली. पाच हजारांची मर्यादा १९७० ची. १९७० ते १९७४ मध्ये घाऊक भाव साधारण दीडपट झाले. म्हणजे १९७० च्या पाच हजारांची बरोबरी करायला साडेसात हजार हवे होते. दिले सहा. सवलत म्हणून जाहीर झालं, आणि प्रत्यक्षात खालच्या पगारदाराची माफी चार वर्षांपूर्वीपेक्षा लहान झाली. प्रमाणित वजावटीने थोडं भरून निघालं असेल, पण ती फक्त पगारदारांना. छोट्या दुकानदाराला, शिंप्याला नाही.

वरच्यांना शंभरातले सव्वादोनचे तेवीस झाले हे सगळ्यांना दिसलं. हे कुणाला दिसलं नाही.

खतावणी

अगदी. आणि हे तेव्हापुरतं नाही. आपल्या आयकराच्या टप्प्यांना महागाईची जोड कायद्यात कधीच दिली गेली नाही. वाढवली तर अर्थमंत्र्यांची मेहेरबानी, नाही वाढवली तर आपोआप करवाढ, आणि त्यासाठी विधेयकात एक ओळही बदलावी लागत नाही. १९८५ ला करमाफीची मर्यादा अठरा हजार केली, मग पाच वर्षं तशीच.

मीना_गिरगाव

ती १९९० ला मधू दंडवते यांनी बावीस हजार केली. कोकणातून निवडून येणारा माणूस, बरीच वर्षं विरोधी बाकांवर बसलेला, अर्थमंत्री म्हणून एकच अंदाजपत्रक मांडायला मिळालं. तेव्हा मी सेक्शन हेड होते. या वेळी पेढे वाटण्याआधी महागाई भत्त्याचं परिपत्रक आलंय का ते बघून घेतलं.

कराडकर, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: ७७ ला माझी हरकत नव्हती, आजही नाही. त्याच दिवशी साडेसात हजार द्यायला हवे होते, आणि जुलैचा भत्ता वटहुकमाने न अडकवता सभागृहात आधी मांडायला हवा होता. तिथे आमच्या बाजूने बोलायला माणसं होती.

नवा_पगारी

रोजगार हमी कायद्यावरची विधिमंडळातली चर्चा कुठे वाचायला मिळेल? वारीकाका, तुम्हाला माहीत असेल तर सांगा. व्यवसाय कराला तेव्हा मुंबईच्या आमदारांनी काय म्हणून होकार दिला, ते वाचायचंय.

विधानभवन_वारी

विधिमंडळाच्या ग्रंथालयात कामकाजाचे छापील खंड असतात. १९७५ आणि १९७७ ची अधिवेशनं मागा. जायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या. मीही येतो, मला पाग्यांचं काय काय आहे ते बघायचंच आहे. पाटपाणी, येताय?

पाटपाणी

येतो. दिवस कळवा, रजा टाकतो.